आत्याचं मेंडोलिन आणि चिकटवलेला ब्रिज

आत्याची ठाण्याच्या चरईतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, सामान हलवायला आम्ही सगळे भाचे जमलो होतो, तर माळ्यावर ट्रंकेच्या मागे एक लांबट काळी पेटी निघाली. उघडली तर आत मेंडोलिन. मला माहीतच नव्हतं की आत्या वाजवायची. ती म्हणाली, "अरे ते बेसूर आहे, देऊन टाक भंगारात. म्हणजे तेव्हा माझाच कान गेला होता, वाद्याला काय नावं ठेवायची." ऐंशीच्या घरातली बाई चाळीस वर्षं असं धरून बसलीये की आपला कान गेला, हे काही मला पटेना, म्हणून मी पेटी उचलून पाचपाखाडीला घरी आणली.

साउंडहोलमधून टॉर्च मारला तर कागदाचं लेबल दिसलं, अर्धं कसरीने खाल्लेलं, 'लोअर चितपूर रोड, कलकत्ता' एवढंच वाचता येतं. ते आताच्या रवींद्र सरणीचं जुनं नाव, वाद्यांची दुकानं तिथे अजूनही आहेत. अवस्था वाईट होती, आठही तारा गंजलेल्या, तारा ताणायच्या चाव्या जाम, पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हिरवट थर, आणि खालच्या बाजूला पाठीचा सांधा दोनेक इंच उकललेला. पण मान सरळ होती! ह्या जुन्या वाद्यांच्या मानेत बहुतेक आधाराची सळई नसते, आणि आठ तारांची मिळून ओढ साठ-सत्तर किलोच्या घरात जाते, त्यामुळे मान वाकलेली असती तर मी हात लावला नसता.

मग ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लाकडी घोडी, बघितला आणि तिथेच सगळं कळलं.

मेंडोलिनचा ब्रिज चिकटवायचा नसतो. तो फक्त तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो, आणि तो पुढे-मागे सरकवूनच वाद्य सुरात आणायचं असतं. आत्याचा ब्रिज पांढऱ्या गमने पक्का बसवलेला. विचारलं तर म्हणाली, सारखा हलायचा म्हणून एका दुकानात दुरुस्तीला दिला होता, त्यांनी छान घट्ट करून दिला, त्यानंतर काही महिन्यांतच वाजवणं सुटलं. मी पट्टी लावली. नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत साडेसतरा सेंटीमीटर, म्हणजे तिथून ब्रिजपर्यंतही तेवढं पाहिजे, वर थोडंसं जास्तच, कारण पडद्यावर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. इथे ब्रिज जवळजवळ अर्धा सेंटीमीटर पुढे, नटच्या बाजूला, चिकटलेला! म्हणजे मोकळी तार सुरात, पण बोट वर सरकवत जाल तसा प्रत्येक स्वर चढा, बाराव्या पडद्यापर्यंत पंचवीस-तीस सेंट तरी, आणि सेंट हे सुराचं माप, दोन लगतच्या पडद्यांत अंतर असतं शंभर सेंटचं. हे ज्याला ऐकू येतं आणि खटकतं त्याचा कान उत्तम आहे. आत्याने वाद्य बाजूला ठेवलं कारण तिला ऐकू येत होतं.

ब्रिज काढायला एक अख्खी दुपार गेली. हेअर ड्रायरने गम मऊ करायचा, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून कडेने हळूच सरकवायची, परत ड्रायर. शेवटी सुटला, पण नखाएवढं पॉलिशही घेऊन आला, त्याचं वाईट वाटतं अजून. मग वाद्याच्या छातीवर सँडपेपर उताणा, म्हणजे खरखरीत बाजू वर, धरून त्यावर ब्रिज घासला, म्हणजे लाकडाच्या गोलाईचाच आकार त्याच्या पायांना येतो आणि खाली कुठे फट राहत नाही. फट राहिली की आवाज तिथेच मरतो.

उकललेला सांधा सरसने जोडला. सरस वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, उकळू द्यायचा नाही, वास सहन करायचा. सरसचं बरं असतं, उद्या कोणाला परत उघडायचं झालं तर ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. मात्र हे काम मी पावसाळाभर थांबून दसऱ्यानंतर केलं, खाडीकडून येणाऱ्या त्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असताना जोडायचं म्हणजे पुढे त्रास. चाव्यांना शिलाई मशीनचं तेल, पडद्यांना बारीक स्टील वूल, त्यात काही विशेष नाही.

तारांचा मात्र विचार करा. दुकानात ११ ते ४० चा (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) मीडियम सेट पुढे करतात, जुन्या वाद्याला तो नको, १० पासून सुरू होणारा लाईट घ्या.

सेट केल्यावर आत्याला बोलावलं. ट्यूनर द्यायला गेलो तर घेतला नाही, कानाने लावलं, सा पांढरी पाच, मग प, रे, ध, चारही जोड्या. संगीतकार सज्जाद हुसेन ह्यांचं मेंडोलिन तिने तरुणपणी रेडिओवर ऐकलेलं, त्यांच्यासारखी मींड काढायला ती बघायची म्हणे. आधी बोटं वळेनात, मग बाराव्या पडद्यावर गेली आणि तीच तार आधी मोकळी, मग दाबून, परत मोकळी, असं पाच-सहा वेळा वाजवलं. "लागतोय रे," म्हणाली. "तेव्हाही मला तेच म्हणायचं होतं."

परवा फोन आला. "वरची एक तार तुटली, दुसरी चढवलीये. बाकीच्या सात सोडल्या नाहीत, एकेकच बदलायची हे लक्षात आहे माझ्या. ब्रिज तुझ्या पेन्सिलच्या खुणेवरच आहे. येताना १० नंबरच्या दोन तारा घेऊन ये."