विशेष शाळेत एक दिवस बदलीवर जाताना

‘विशेष शाळेतल्या वर्गावर एक दिवस बदलीवर जायचंय, काय शिकवू?’ विशेष शिक्षणाचं डी.एड. करणारे विद्यार्थी विचारतात, साध्या शाळेतले शिक्षकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नवीन काहीच शिकवू नका.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या वर्गात साधारण आठ मुलं, एक बाई आणि एक मदतनीस मावशी असतात. बाई आलेल्या नाहीत, हाच मुलांच्या दृष्टीने त्या दिवसाचा मोठा धक्का. त्यात तुम्ही नवं गाणं आणि चकचकीत चार्ट घेऊन गेलात, तर पहिल्या तासातच वर्ग हातातून जातो. भिंतीवर व्हेल्क्रोने लावलेलं चित्रांचं वेळापत्रक असेल तर त्याच क्रमाने चाला. एक काम झालं की ते चित्र मुलाच्याच हाताने काढून घ्या. स्वतःचा पासपोर्ट फोटो न्या आणि बाईंच्या फोटोच्या जागी लावा. ‘आज बाई नाहीत, या आहेत’ हे बोलून जेवढं कळत नाही तेवढं त्या फोटोने कळतं.

(१९९२च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तुमची नसेल तर नोंदणी असलेल्या बाई शेजारच्या वर्गात आहेत ना, ते पाहून मगच हो म्हणा.)

अर्धा तास आधी पोहोचा आणि मुख्याध्यापकांच्या आधी मावशींना भेटा. चार गोष्टी विचारा: फिट कोणाला येते, घास नीट कोणाला गिळता येत नाही, दार उघडं दिसलं की कोण पळतं, आणि शी-शू लागलेली कोणाला सांगता येत नाही. फायलीत हे सगळं असतं, पण सकाळच्या घाईत फाइल वाचून होत नाही. आणि ‘तो बेल्टशी खेळायला लागला की लगेच न्या’ हे फक्त मावशींना माहीत असतं. औषध मात्र तोंडी निरोपावर देऊ नका. पालकांची लेखी सूचना हवीच.

कपड्यांचं आधीच सांगते. केस घट्ट बांधा, लोंबते कानातले नकोत, मंगळसूत्र आत, ओढणीला पिन. एखाद्याने केस धरलेच तर ओढून सोडवू नका. त्याची मूठ आपल्या डोक्यावर दाबून धरा, म्हणजे मुळं ताणली जात नाहीत आणि पकड आपोआप सैलावते. चावा घेतला तरी हात मागे खेचायचा नाही, खेचला की कातडी फाटते.

बदलीवरची माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती सूचना देण्यात. ‘हात धू. अरे धू ना. धू बाळा, नळ उघड, साबण घे...’ मुलाला पहिलं वाक्य उलगडायला वेळ लागतो, तेवढ्यात चार नवी येऊन पडतात. एकदाच म्हणा, ‘हात धू’, आणि मनात दहा आकडे मोजा. नाही झालं तर नळाकडे बोट दाखवा. तरीही नाही, तर कोपराला हलका स्पर्श. हातात हात धरून करून घेणं सगळ्यात शेवटी. दुसरी चूक मायेपोटी होते: सगळं आपणच उरकून देणं. हात धुण्याचे नळ उघडण्यापासून पुसण्यापर्यंत सहा-सात टप्पे असतात आणि त्यातला एखादा मूल कित्येक महिन्यांनी एकट्याने करायला लागलेलं असतं. फायलीत त्या टप्प्यापुढे ‘व्हीपी’ असेल तर तोंडी सूचना पुरते, ‘पीपी’ असेल तरच हात लावायचा.

डबा हा दिवसातला सगळ्यात जोखमीचा तास. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या मुलाला उभ्याने भरवू नका. तो तुमच्याकडे बघायला मान वर करतो, श्वासाची वाट मोकळी होते आणि घास तिकडे जातो. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा, समोरून. गळ्याची हालचाल दिसली की मगच पुढचा. पोळी वरणात कुस्करा, पोह्यांतले शेंगदाणे वेचून काढा. पातळ पाण्यानेच जास्त ठसका लागतो, म्हणून पाणी घोटाघोटाने. ठसका लागला तर वर पाणी ओतू नका, पुढे वाकवून खोकू द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. डबे अदलाबदल बंद. फिटसाठी खास आहार चालू असलेल्या मुलाला वाढदिवसाचं एक चॉकलेटही महागात पडतं.

फिट आली तर आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कॉलर सैल करा, आजूबाजूची बाकं सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कोणीतरी कांदा किंवा चप्पल घेऊन धावत येईलच, त्यांना दुसऱ्या मुलांकडे बघायला लावा. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८.

शू-शीला नेताना मावशी सोबत हव्यातच, एकट्याने बंद दारामागे नाही. सांगता न येणाऱ्यांना दर तासा-दीड तासाने न्या.

सुटताना मूल फक्त यादीतल्या माणसाच्याच हाती द्या. ते हसत धावत गेलं, हा ओळखीचा पुरावा नव्हे. काही मुलं सगळ्यांकडेच धावतात.

निघण्याआधी बाईंसाठी एक पान लिहा. ‘दिवस छान गेला’ याचा त्यांना काडीचा उपयोग नाही. कोणी किती खाल्लं, कोण किती वेळा शूला गेलं, फिट कधी सुरू झाली, कधी थांबली आणि काय बिघडलं, एवढं हवं. म्हणजे असं: ‘११.४०, स्वयंपाकघरात मिक्सर लागला, कान झाकले, सात मिनिटं रडला, गॅलरीत नेल्यावर थांबला, नंतर डबा अर्धाच.’