नाटकवाल्या मंडळाला मिळतं काय?

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांचं कौतुक करून झालं की पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक, आणि हल्ली नागपूरचेही, एक प्रश्न हमखास विचारतात. ही नाटकं भरवणारं गावातलं मंडळ म्हणजे नेमके कोण, आणि रात्रभर राबून त्यांना मिळतं काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अशाच एका मंडळात आहे.

मंडळ म्हणजे नाट्यवेडी कलावंत मंडळी, असं बाहेरच्यांना वाटतं. एकेकाळी होतं तसं. गावातलीच पोरं नाटक बसवायची, लुगडं नेसून बाईचं कामही तीच करायची. आता नाटक करते ती कंपनी, आणि कंपन्यांचा बाजार वडशाला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला. तिथं जाऊन नाटक ठरवायचं, इसार द्यायचा आणि ती एक रात्र निभावून न्यायची, एवढं मंडळाचं काम. आमच्यात बहुतेक धानाचे शेतकरी, शिवाय एक किराणावाला, एक पानठेलेवाला, आणि कागदपत्रं लिहिता येतात म्हणून मी. अध्यक्षाला नाटकातलं कळलंच पाहिजे असं नाही. त्याच्याकडे ट्रॅक्टर असावा आणि गावात त्याच्या शब्दाला वजन असावं. अर्ध्याअधिक सभासदांनी आपल्याच गावचं नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नसतं. कुणी गेटवर असतो, कुणी कलाकारांच्या जेवणामागे, कुणी जनरेटरजवळ.

खरी डोकेदुखी तारखेची. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, धान निघून लोकांच्या हाती पैसा येतो आणि रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडव पडतात. होळीपर्यंत हंगाम. तेवढ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतल्या गावांना नाटक हवं असतं. शेजारच्या दोन गावांत एकाच रात्री नाटक आलं तर दोन्ही मंडळं बुडतात. त्यामुळे वडशाला जाण्याआधी आसपासच्या गावांत फोन फिरतात, "तुमचं कवा हाये जी?" आणि समोरचाही लवकर पत्ते उघडत नाही. पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, तारीखही जुळवावी लागते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जोडी जुनी. पटाला आलेला माणूस रात्री थांबतो, तिकीट काढतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा दुपारची ती गर्दी गेली आणि अनेक मंडळांचं गणित बिघडलं. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा कुठे पट बिनघोर झाले.

मग पत्रक. हे माझ्याकडे. नाटकाचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं की उरलेला कागद पाहुण्यांचा: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. बाहेरचे लोक ही यादी बघून हसतात. हसा, पण त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे देणगी, नाहीतर देणगीची आशा. सरकारी अनुदान आमच्या गावापर्यंत येत नाही. हे पत्रकच आमचं अनुदान. दोन विरोधी पक्षांचे पुढारी एकाच कागदावर आणायचे तर कुणाला उद्घाटक करायचं आणि कुणाला सह, यावर मध्यरात्रीपर्यंत बैठक चालते. एकदा प्रेसला गेलेलं पत्रक मी परत बोलावलं, कारण एका माजी सदस्याच्या नावापुढचं 'माजी' त्यांना खुपत होतं. ते काढलं. देणगी आली.

पैशाचं म्हणाल तर तिकिटं आणि देणग्यांतून कंपनी, मांडव आणि वीज भागली की उरलेलं देवळाला जातं, एखाद्या वर्षी शाळेलाही. अवकाळी पाऊस आला तर उलटं, कमी पडलेली रक्कम आम्हीच वाटून भरतो. कुणी श्रीमंत झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग मिळतं काय? सोयरे. नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी-जावई, मामा, व्याही, त्यांच्या ओळखीचेही. दुपारी स्थळाचा विषय निघतो, रात्री मांडवात मुलगी दुरून बघितली जाते, पुढची बोलणी संक्रांतीनंतर. शेजारच्या गावचं मंडळ आमच्या नाटकाला आलं की आम्हाला त्यांच्याकडे जावंच लागतं, आणि तिकीट काढूनच. ज्याच्या गावच्या नाटकाला फिरकलो नाही त्याच्या दारात मुलगी मागायला जाताना पाय जड होतात. मंडळात असलं की हा सगळा व्यवहार आपल्या हातून होतो, चार गावं नावानं ओळखतात. मान म्हणा, हौस म्हणा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हीही मिठाई वाटली. इतकी वर्षं त्यांची नाटकं भरवणारे आमच्यासारखेच होते ना.

एक मात्र मला पटत नाही. त्या दिवशी घरात पंधरा-वीस पाहुण्यांचा भात आणि कोंबड्याचा रस्सा रांधणाऱ्या बाया मंडळात नाहीत, पत्रकावर नाहीत, आणि नाटकाला पोचतात तेव्हा पहिला अंक होऊन गेलेला असतो. बैठकीत मी हे काढलं तर "तायाईले बैठकीत याले टाइम कुठं हाये?" असं उत्तर आलं. टाइम का नाही, हे कुणी विचारलं नाही. यंदा निदान दोघींची नावं सभासदांत घालायची, असं मी आणि किराणावाल्यानं ठरवलंय. बघू.

आणि यायचंच असेल तर जानेवारीत या. वडशापर्यंत रेल्वे आहे, पुढचं मी बघतो. स्वेटर आणा. नाटक संपलं तरी अंधारात निघू नका, आमच्याकडे वाघ आहे. नाटक पहाटेपर्यंत चालतं ते उगाच नाही, लांबून आलेला माणूस उजाडेपर्यंत मांडवातच बसलेला बरा. खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसायचं वेगळं. पास मात्र मागू नका. पत्रकारांपासून पोलिसपाटलाच्या मेव्हण्यापर्यंत सगळे फुकट आत जातात, तुम्ही तरी गेटवर पैसे मोजा.