मिठातली लिंबं, बरणी चौथी: कडू खारात होतं

मिठातलं लिंबू घातलेली आमटी कडू का होते, ते सापडलं एकदाचं. कडू सालीत नव्हतं, खारात होतं, म्हणजे बरणीत सुटलेल्या खारट रसात.

मागच्या नोंदीत मी या चौथ्या बरणीचं कौतुक केलं होतं. फेब्रुवारीत घातलेली. कागदी लिंबं 1 किलो, शिरोड्याचं खडेमीठ 250 ग्रॅम, वरून चार लिंबांचा रस, पहिले पंधरा दिवस अंगणातलं ऊन. सहा महिन्यांत साल इतकी मऊ झाली की चिमटीत धरली तर बोटाचा ठसा उमटतो. नुसती चाखली तर खारट, आंबट आणि मागाहून लिंबाच्या पानाचा वास. कडू अजिबात नाही.

नारळी पौर्णिमा झाली, वेंगुर्ल्याच्या बाजारात ताजी कोळंबी मिळाली. नारळाच्या रसातली आमटी केली आणि आमसुलांच्या जागी लिंबू घातलं. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "आमटी बरी झाली गो, पण मागसून कडू मारता." मीही चाखली. खरंच जिभेच्या मुळाशी कडू. बरणीतली साल पुन्हा चाखली, तर ती गोडगुणी!

पुढचे तीन आठवडे हेच डोक्यात. पहिला संशय सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर. चमच्याने खरवडून काढला, आमटी कडूच. मग वाटलं, उकळी जास्त होते. लिंबू शेवटची पाच मिनिटंच ठेवलं. थोडं कमी, पण कडूच. खोबरं खवट असेल म्हणून नवा नारळ फोडला. तेच.

शेवटी नारळ, मसाला, कोळंबी सगळं बाजूला ठेवलं. चार छोटी टोपं, प्रत्येकात एक कप साधं पाणी. एकात नुसती साल, दुसऱ्यात गर, तिसऱ्यात दोन चमचे खार, चौथ्यात बिया. दहा मिनिटं उकळून, गार करून, मध्ये मध्ये चूळ भरून चाखलं. सालीचं पाणी चांगलं. गराचं किंचित कडसर. खाराचं पाणी, अगदी तीच आमटीतली चव! आणि बियांचं तर तोंडात धरवेना.

मग उलगडलं. लिंबांना चार चिरा देताना सुरी बियांमधून जात होती. लिंबाच्या बियांत लिमोनिन नावाचं कडू द्रव्य भरपूर असतं. शिवाय अख्ख्या फळात त्याचं जे बिनकडू रूप असतं, ते चिरल्यावर आंबट रसात मिसळून हळूहळू कडू होतं, आणि उष्णतेने ते आणखी लवकर होतं. कापलेल्या बिया सहा महिने खारात होत्या. बरं, आमटीत वेगळं मीठ कशाला म्हणून मी दर वेळी दोन चमचे खारच ओतत होते. खार थेट चाखला तर मिठापुढे कडू कळत नाही. नारळाच्या रसात पातळ झाला की उघडा पडतो. म्हणूनच बरणीत काही सापडत नव्हतं.

आता असं करते: गर आणि बिया काढून टाकायच्या, साल पाण्याखाली धुवायची, बारीक चिरायची, आणि गॅस बंद केल्यावर आमटीत घालून पाच मिनिटं झाकण ठेवायचं. मोरोक्कोत अशी मिठातली लिंबं कोंबडी आणि ऑलिव्हबरोबर शिजवतानाही बहुतेक वेळा गर काढून सालच घेतात. वाचलेलं होतं, महत्त्व आज कळलं. परवा सासूबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली.

आणि पेज! उकड्या तांदळाची गरम पेज, तिच्यावर सालीची बोटभर पट्टी. वाफेने पट्टी हळूहळू काचेसारखी पारदर्शक होते, कडेने थोडी वळते आणि पेजेला तिचा वास लागतो. पावसात आजारी माणसाला याहून चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही.

ज्यांचा खार घट्ट, जेलीसारखा झालाय त्यांनी बरणी फेकू नका. वास स्वच्छ असेल तर तो सालीतल्या पेक्टिनचा, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणाऱ्या द्रव्याचा, परिणाम आहे. बारीक आयोडीनयुक्त मिठाने मात्र माझा खार गढूळ झाला होता, खडेमीठच घ्या. आणि पत्र्याच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या घेऊ नका. मी ऑनलाइन मागवलेल्या दोन्ही बरण्यांची झाकणं पावसाळ्यात आतून गंजली, एक अख्खी बरणी टाकावी लागली. चिनीमातीची बरणी, वर दादरा (तोंडाला बांधायचं फडकं), एवढं पुरतं.

पाचव्या बरणीसाठी लिंबं आडवी कापून सुईने बिया काढायच्या, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, साल एवढीच हवी असेल तर कागदी लिंबाचा हट्ट कशाला? शेजारच्या काकींच्या परसात ईडलिंबू आहे, साल बोटाएवढी जाड. नुसत्या सालीच्या फोडी, गाळलेला रस आणि मीठ, बी एकही नाही. अर्ध्या बरणीत हिरवी तिरफळं घालून बघणार, बांगड्याच्या तिखल्यासाठी. तिरफळाचं बी तर आपण टाकतोच. काकींकडे उद्या सकाळी जाते, झाडाला सहा तरी तयार दिसली होती.