खोताचा पिंजरा

देवगडात फेब्रुवारी ते मे या काळात कुणाकडून काही बनवून घ्यायचं असेल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: इथला प्रत्येक माणूस तेव्हा आंब्यात असतो. सुतार पेट्या ठोकत असतो, टेम्पोवाला वाशीच्या फेऱ्या मारत असतो आणि फॅब्रिकेशनवाला मिस्त्री कुणातरी बागायतदाराच्या शेडवर चढलेला असतो. अशा मोसमात मी या मिस्त्रीकडे सरड्यासाठी पिंजरा मागायला गेले.

सरडा म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन, रंग बदलणारा परदेशी सरडा. नर, डोक्यावर उंच तुरा, मूळ जात येमेन आणि सौदीकडची. मावसभावाने पाळलेला. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि हा माझ्याकडे आला. दोन डोळे दोन दिशांना फिरवत, एकेक पाऊल तोलून टाकत चालतो, म्हणून घरात त्याला खोत म्हणतात. कागदांबद्दल एवढंच सांगते, की आपल्या रानात दिसणारा घोयरा सरडा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो धरून आणून पाळता येत नाही. परदेशी शॅमेलिऑनची नोंदणी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, आणि जनावर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर तेही कळवावं लागतं. ते आम्ही भावाबहिणींनी बसून केलं. अडलं ते पिंजऱ्यापाशी.

बाहेर ठेवायचा हट्ट कशासाठी, असं मला घरातल्यांनीही विचारलं. याला उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण लागतात. ते अंगावर पडले तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागतं. नाहीतर हाडं मऊ पडून पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण हे किरण काचेतच अडतात. भावाने यूव्हीबीचा दिवा दिला होता, पण आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अंगणात मात्र सकाळचं ऊन फुकट पडलेलं असतं.

तर पिंजरा. माझी मागणी अगदी साधी होती. लांबी-रुंदी दोन-दोन फूट, उंची चार फूट, कारण हा झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला चढायला उंची लागते. चौकट अॅल्युमिनियमची, कारण खाऱ्या हवेत लोखंड एका पावसाळ्यात गंजतं. पाची बाजूंना, म्हणजे छतालाही, प्लास्टिकचा लेप असलेली बारीक जाळी, नख अडकणार नाही अशी. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. मिस्त्रीने कागद उलटसुलट करून बघितला.

“वैनी, येवढ्याश्या सरड्याक येवढो पिंजरो? वाघ पाळतास काय?”

मग ‘उद्या’ सुरू झाला. उद्या जाळी येणार, उद्या पोरगा येणार, उद्या कणकवलीला जाताना चौकटीचं सामान आणणार. फोन केला की पलीकडे कटरचा आवाज, त्यामुळे माणूस कामात आहे हे कळायचं, फक्त माझ्या कामात नव्हता. तोवर मी रोज सकाळी खोताला अंगणातल्या जास्वंदीवर बसवून समोर स्टूल टाकून बसायचे. जास्वंद त्याला चालते, पानंही कुरतडतो. पण बसायचं म्हणजे डोळ्यात तेल घालून. चालतो सावकाश, पण हिरवा सरडा हिरव्या पानात एकदा शिरला की समोर असून सापडत नाही. ज्यांना पिंजऱ्याची वाट बघायची आहे त्यांनी जाळीची, चेन लावायची कपड्यांची उभी बास्केट घ्यावी. तासाभरासाठी ती चालते. मला हे उशिरा कुणीतरी सांगितलं आणि तेव्हा मी चिडलेच.

एकदाचा पिंजरा आला, तो तीन बाजूंना काच लावून! कुठल्यातरी शोकेसच्या उरलेल्या काचा होत्या. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर दान केल्याचा भाव. म्हणे काचेमुळे वारा लागणार नाही आणि दिसायलाही बरं. मी म्हटलं, वारा लागायलाच हवा आहे. त्याला पटेना. शेवटी त्याच्याच दुकानासमोर पिंजरा उन्हात ठेवला आणि आत थर्मामीटर टांगला. शेडच्या सावलीत ३३ अंश होते. आमचा चहा संपायच्या आत पिंजऱ्यातला काटा ४५च्या पुढे गेला. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बसल्यासारखं होतं ते, मी सांगितलं, आणि सरड्याला घामही येत नाही. त्याला गार व्हायचं तर उन्हातून उठून सावलीत जाणं हाच मुख्य मार्ग. पिंजराच तापला तर तो जाणार कुठे? बाहेर ठेवलेल्या शॅमेलिऑनला अशा पिंजऱ्यात काही मिनिटंही धोक्याची.

मिस्त्री काट्याकडे बघत राहिला. “असा हा तर,” एवढंच म्हणाला. काचा काढायला मात्र पुन्हा ‘उद्या’. तेवढ्यात मार्चची ती गरम लाट आली. बाहेरच्यांना वाटतं कोकणात उन्हाळा म्हणजे मे. मे महिन्यात घाम असतो. खरा चटका मार्चमध्ये बसतो, कारण पूर्वेकडचे गरम वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारा खारा वारा दुपार कलेपर्यंत आतच शिरत नाही. किनाऱ्यावर पारा ३७च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. ते दिवस खोताने पडवीत, लादीवर ओलं गोणपाट पसरून त्यावर मांडलेल्या कुंडीत काढले. मी रोज फोन करत होते. अजूनही तो नंबर स्क्रीनवर आला की माझ्या कपाळाला आठी पडते, जरी आता तो फक्त पेट्यांसाठी खिळे उरलेत का विचारायला फोन करतो.

जाळीचा पिंजरा शेवटी आला तेव्हा हापूस पिकायला लागला होता. काम सुंदर केलं होतं, हे नाकारत नाही.

आता तो अंगणात असतो, पण चिऱ्यांच्या जोत्यावर टेकवलेला नाही. जांभा दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, म्हणून पिंजरा लाकडी स्टुलावर. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर आंब्यावरचे ओंबील, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, पिंजऱ्यात शिरतात आणि कोंडलेल्या सरड्याला पळता येत नाही. छताच्या अर्ध्या भागावर माडाचा झाप टाकलाय. ताडपत्री टाकू नका, तिच्याखाली हवा कोंडते. आत दाट फांद्या हव्यात, ऊन आणि सावली दोन्ही त्याची त्याला निवडता यावी.

सकाळी खोत काळपट होतो, अंग चपटं करून एक बाजू उन्हाकडे धरतो. ती उष्णता घ्यायची रीत आहे, घाबरू नका. उलट अगदी फिका पडला आणि तोंड उघडं ठेवून बसला तर ताबडतोब सावलीत न्या. मी त्याची वाट बघत नाही. बसायच्या फांदीवर ३०-३२ अंश ठीक. हवाच ३५ला टेकली की पिंजऱ्यासकट पडवीत.

पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही, साचलेलं पाणी तो सहसा पीत नाही. पानावरचे थेंब पितो. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, बाटलीला जोडा, थेंब जास्वंदीवर पडू द्या. भर दुपारी फवारे मारून गारवा येईल असं समजू नका. आपल्याकडे हवाच इतकी दमट की पाणी वाळत नाही, नुसती घुसमट होते आणि सततच्या ओलीने त्याची छाती धरते. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय.

हां, भारद्वाज. शुभ पक्षी म्हणून सगळे हात जोडतात, पण तो सरडे खातो, आणि आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, रोज येतो. जाळी असली तरी समोर बसून बघत राहिला तर खोत दुपारपर्यंत काही खात नाही. त्या बाजूला मी एक झाप उभा केलाय.

आणि आंब्याच्या बागेशेजारी राहत असाल तर फवारणी. औषधाचा तुषार वाऱ्याने पिंजऱ्यावर येतो, आणि बागेतले नाकतोडे पकडून घातले तर ते औषध पोटातही जातं. शेजारच्या राखणदाराला मी सांगून ठेवलंय. फवारणी असली की आदल्या संध्याकाळी तो गडग्यापलीकडून हाक मारतो, “वैनी, सरडो आत घ्या!”