जुन्या ज्वाळेच्या खुणा

इटालियन कवी दान्ते याच्या ‘कोम्मेदिया’ या नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांच्या यात्रेवरील महाकाव्यातील निवडक सर्गांचा मराठी अनुवाद मी गेली काही वर्षे करीत आहे. सर्गाचा कच्चा खर्डा तयार झाला की तो घेऊन मी वसईला एका निवृत्त फादरांकडे जाते. त्यांचे शिक्षण रोममध्ये झालेले असल्यामुळे त्यांना इटालियन येते आणि लॅटिन तर पाठच आहे. ते मूळ ओळ मोठ्याने वाचतात, मग मी माझी मराठी ओळ वाचते, आणि जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडते तिथे थांबायचे, असा आमचा शिरस्ता आहे. मागच्या पावसाळ्यात शुद्धिलोकाचा, म्हणजे मृतात्म्यांची पापे धुऊन निघतात त्या लोकाचा, तिसावा सर्ग घेऊन गेले, तेव्हा दुपारपर्यंत काम आटोपेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दिवसभरात आमच्या मोजक्या चार-पाच ओळी झाल्या.

तोवर टीपांचे काम मला सोपे वाटू लागले होते. इ. स. १३०० मधील या परलोकयात्रेत दान्तेचा वाटाड्या आहे रोमन कवी व्हर्जिल, आणि त्याच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गातून नावाडी खारोन, न्याय करणारा मिनोस आणि कुत्रा सेर्बेरुस असे सगळे दान्तेच्या नरकात नव्या नोकरीवर रुजू झाले आहेत. मिनोसला तर दान्तेने शेपूट दिली असून तिचे वेढे मोजून पाप्याने कितव्या वर्तुळात जायचे ते ठरते. आत्मघात केलेल्यांची झाडे आणि फांदी मोडताच वाहणारे रक्त हेही ‘इनीड’च्या तिसऱ्या सर्गातले. अशा ठिकाणी एक टीप दिली की भागते. तिसाव्या सर्गात मात्र व्हर्जिलची पात्रे येत नाहीत. तिथे त्याच्या ओळीच येतात.

पहिली ओळ एकविसावी. दान्तेची दिवंगत प्रेयसी बेआत्रिचे हिच्या स्वागताला फुले उधळणारे देवदूत आधी शुभवर्तमानातले वचन म्हणतात आणि लगेच म्हणतात, ‘मानिबुस, ओ, दाते लिलिया प्लेनिस’, म्हणजे ओंजळी भरभरून लिली द्या. ‘इनीड’मध्ये हे उद्गार सम्राट ऑगस्टसचा अकाली मरण पावलेला भाचा मार्केलुस याच्यासाठी, म्हणजे अंत्यविधीच्या फुलांसाठी आहेत. छंदात बसावी म्हणून दान्तेने त्यात एक ‘ओ’ घातला, परंतु ओळ लॅटिनमध्येच ठेवली. मी ती संस्कृतात करून आणली होती आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. फादर म्हणाले, “बाई, संस्कृत कानावर पडले की तुमच्या वाचकाला कालिदास आठवेल. इथे व्हर्जिलचाच आवाज ऐकू यायला हवा.” माझा श्लोक गेला; लॅटिन ओळ देवनागरीत राहिली.

खरा पेच अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर आला. बुरख्याआडची बेआत्रिचे समोर उभी राहताच दान्तेचे रक्त थरथरते आणि भ्यालेले मूल आईकडे धावते तसा तो व्हर्जिलकडे वळतो. (गुरूला माउली म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ही उपमा सहज उतरते.) त्याला सांगायचे असते: ‘ओळखतो मी खुणा जुन्या ज्वाळेच्या.’ मी हे वाचले आणि फादरांनी मला विचारले, “आणि डायडो काय म्हणते?” कारण ही ओळ व्हर्जिलचीच आहे. ‘इनीड’च्या चौथ्या सर्गात विधवा राणी डायडो काव्याचा नायक इनियस याच्या प्रेमात पडताना आपल्या बहिणीला हेच सांगते. तो सर्ग मीच पूर्वी एका नियतकालिकासाठी मराठीत केला होता, आणि तिथे मी लिहिले होते, ‘पूर्वीची ती धग पुन्हा जाणवू लागली आहे.’ लॅटिनची ‘फ्लाम्मा’ दान्तेकडे ‘फियाम्मा’ होऊन येते आणि शिष्य गुरूला गुरूचेच शब्द ऐकवू पाहतो. माझ्या मराठीत मात्र एकीकडे धग होती आणि दुसरीकडे ज्वाळा, म्हणजे दोघांची ओळखच मी पुसून टाकली होती.

शब्द जुळवले तरी आणखी एक अडचण उरत होती. लॅटिन आणि इटालियन क्रियापदाला इथे लिंग नाही. मराठीत डायडो ‘ओळखते’ म्हणणार आणि दान्ते ‘ओळखतो’. तेवढ्या एका अक्षराने ओळ मालक बदलते. आम्ही बरेच पर्याय घासून पाहिले. अखेर जेवण झाल्यावर, ताटे उचलता उचलता, मला सुचले: ‘ओळखू येतात मला खुणा जुन्या ज्वाळेच्या.’ ही ओळ राणीच्या तोंडी शोभते आणि कवीच्याही. फादरांनी ती दोनदा म्हणून पाहिली आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

तरीही पुढच्या ओळींवर आम्ही पुन्हा थांबलो. दान्ते वळतो तेव्हा व्हर्जिल तिथे नसतो, आणि तीन ओळींत तीन वेळा तो त्याचे नाव घेतो. मी मराठीत पुनरुक्ती टाळायची म्हणून दोनदा ‘तो’ वापरला होता. फादरांनी काही न बोलता व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्याच्या चौथ्या भागातल्या ओळी म्हटल्या: ऑर्फियसचे धडावेगळे शिर नदीतून वाहत जात असताना तीन वेळा ‘युरिडिसी’ अशी हाक मारते. मृत्युलोकातून परत आणताना मागे वळल्यामुळेच पत्नीला गमावलेल्या माणसाची ती हाक आहे. आधी अख्खी लॅटिन ओळ, मग तिचे भाषांतर, मग नुसता हाकेचा घाट; व्हर्जिल असा टप्प्याटप्प्याने विरत जातो, हे अभ्यासकांनी टिपलेले मी वाचले होते, आणि वाचूनही दोन ‘तो’ लिहिले होते. ते तिथेच खोडले. लगेच पुढे बेआत्रिचे ‘दान्ते’ अशी हाक मारते. संपूर्ण काव्यात कवीचे नाव एवढ्या एकाच जागी येते.

घरी येऊन मी जुना अंक काढला आणि धगीची ओळ पेन्सिलीने दुरुस्त केली. छापून गेलेला मजकूर त्याने बदलत नाही. म्हणून दान्तेच्या अनुवादाच्या संपादकांना कळवले की अठ्ठेचाळिसाव्या ओळीखालची टीप काढा आणि सर्गाच्या आधी, डाव्या पानावर, डायडोचा उतारा छापा. पाने वाढतात म्हणून ते कुरकुरले, मग तयार झाले.