मृगाच्या आधी गाड्यांची निजानीज

गेल्या वर्षी पावसानं मला उघड्यावर गाठलं. मुंबई-ठाण्यात तो ११ जूनच्या आसपास लागतो, त्या हिशोबानं दोन्ही मोटरसायकली पावसाळ्यासाठी शेडमध्ये ठेवायला मी जूनचा पहिला रविवार धरून ठेवला होता. पाऊस आला २६ मेला, ७५ वर्षांत सगळ्यात लवकर. आरएक्स १००चा कार्ब्युरेटर तेव्हा आत्याच्या ओटीवर पेपरवर सुटा पडलेला, आणि बुलेट अजून नौपाड्यात, आमच्या सोसायटीच्या गेटपाशी भिजत उभी. म्हणून यंदा मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार धरला (बँकेत नोकरी असल्याचा हा एक फायदा) आणि सोमवारची रजा टाकली. काल संध्याकाळी काम संपलं. हाताचा पेट्रोलचा वास अजून गेलेला नाही, तोवर लिहून काढते.

गाड्या दोन. बाबांची १९८४ची बुलेट ३५०, बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली. आणि माझी आरएक्स १००, १९९४ची, पहिल्या पगारवाढीत सेकंडहँड घेतलेली. ऑफिसला मी स्कूटरनं जाते. या दोघींना जून ते दसरा बाहेर काढत नाही. घोडबंदर रोडचे खड्डे पाण्याखाली गेले की त्यांची खोली कळत नाही, आणि जुन्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलं की ब्रेक दाबून नुसती प्रार्थना करायची असते. त्यांनी आयुष्यभर पावसात धावून झालंय. आता चार महिने झोपावं.

झोपायची जागा म्हणजे बाळकुम गावात आत्याच्या घरामागची पत्र्याची शेड. तीन बाजूंनी विटांच्या भिंती, चौथ्या बाजूला फळ्यांचं दार, खाली कोबा. पूर्वी तिथं पेंढा भरलेला असायचा. खाडी जवळ, त्यामुळे हवेत कायम खारटपणा, आणि हे मीठ लोखंडावर बसलं की हवेतलं पाणी ओढत राहतं.

माझा मावसभाऊ कॅल्गरीला असतो. तोही त्याची गाडी नोव्हेंबर ते एप्रिल घरामागच्या लाकडी शेडमध्ये ठेवतो, तिथं हीटर नाही. त्याला धास्ती बॅटरी गोठायची. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी तिथल्या थंडीतही तग धरते, पण उतरलेली असली तर शून्याखाली थोड्याच अंशांवर आतलं पाणी गोठून डबा फुटतो. म्हणून तो ती काढून घरात नेतो. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ धुऊन मगच गाडी आत घेतो. फोनवर आम्ही दोघं याद्या ताडून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की त्याची थंडी आणि माझा पाऊस सोडला तर काम तेच. त्याच्याकडे एप्रिलमध्ये ऊब आली की गार इंजिनावर दव धरतं. माझ्याकडे रात्री सरींनी पत्रा आणि गाडी गार पडते, सकाळी दमट गरम हवा आत येते आणि इंजिनाच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या पात्यांवर, थेंब. आत्या म्हणते, "गाडीला पन घाम येतो, बाय." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

हे मला २०१८ साली माहीत नव्हतं. बाबा त्या मार्चमध्ये गेले. जूनमध्ये मी त्यांची बुलेट निळ्या ताडपत्रीत गुंडाळली, सुतळीनं चाकांपर्यंत आवळून बांधली. एक थेंब लागू देणार नाही, असं मनाशी म्हणत बांधली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू घेऊन गेले आणि ताडपत्री सोडली, तर आतून कुबट वाफ तोंडावर आली. सीटवर पांढरी बुरशी, रिमवर गंजाचे फोड, स्पोकना हात लावला तर बोटं तांबडी. किकवर उभी राहिले, तर किक खाली जाईना. पाऊस बाहेर ठेवला होता, पण कोब्यातून वर येणारी ओल मी चार महिने आत कोंडली होती.

उथळसरच्या मिस्त्रीकाकांनी बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, तेल ओतून तीन दिवस तशीच ठेवली, मग टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं मागेपुढे करत पिस्टन सोडवला. बोअरला गंजाची कडी पडली होती. रीबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून साफ, करावं लागलं. काकांनी कारण दाखवलं. गाडी उभी केली तेव्हा पिस्टन नेमका अशा जागी थांबला होता की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, आणि सायलेन्सरच्या वाटेनं दमट हवा सरळ सिलिंडरमध्ये जात राहिली.

नंतर बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी साबणाच्या खोक्याचा एक तुकडा सापडला, भोक पाडून सुतळी ओवलेला. त्यांच्या अक्षरात, लेथवरच्या टर्नरच्या त्या सरळ ठळक अक्षरात: 'तेल ८ जून. कॉक बंद. पिस्टन वर.' दरवर्षी ते हे हँडलला बांधत असणार. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. 'पिस्टन वर' हे दोन शब्द मला जूनमध्ये सापडायला हवे होते.

तर ते काम कसं करायचं, ते आधी सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. शनिवारी सकाळी बुलेट नौपाड्याहून तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी करत बाळकुमला चालवतच आणली. तेवढ्या पल्ल्यात तेल चांगलं तापतं. तापलेलं असतानाच ड्रेन बोल्ट काढला. काकवीसारखं काळं तेल भरभर खाली आलं. जळालेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, ते चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायचं नाही. म्हणून नवं २०डब्ल्यू-५० जाडीचं तेल आत्ताच भरायचं, दसऱ्याला नाही. जुनं तेल डब्यात भरून मिस्त्रीकाकांकडे जातं. गटारात ओतलं तर थेट खाडीत जाईल.

मग इंजिन गार होऊ दिलं. स्पार्क प्लग काढला. तेलाच्या कॅननं प्लगच्या भोकातून चमचाभर नवं तेल आत सोडलं, इग्निशन बंद ठेवून हळूहळू चार-पाच किका मारल्या. प्लगच्या भोकातून फुस्स करून तेलाचा बारीक धूर बाहेर येतो आणि बोटाला तुकतुकीत थर लागतो. तो थर लागला की समजायचं बोअरची भिंत न्हाली. आता भोकावर अंगठा दाबून हातानं किक दाबत न्यायची. एका फेरीत काही होत नाही, दुसऱ्या फेरीत हवा अंगठा वर ढकलते. तोच कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. अंगठा काढून शहाळ्याची स्ट्रॉ आत सोडली. किक अगदी सावकाश दाबली तशी स्ट्रॉ वर सरकत आली, थांबली, आणि खाली जायला लागणार तिथंच मी हात थांबवला. पिस्टन वर. बाबा यासाठी सायकलचा स्पोक वापरत असावेत, पेटीत एक तोंड घासलेला स्पोक आहे. मला स्ट्रॉ बरी वाटते, चुकून अडकली तरी वाकते, काही ओरखडत नाही. प्लग परत बसवला, हातानं घट्ट. आता दसऱ्यापर्यंत किकला कोणी हात लावायचा नाही. आत्याच्या नातवाला मी तसं बजावून ठेवलंय.

आरएक्स टू-स्ट्रोक, तिला बुलेटसारखे व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे हा खटाटोप नाही. बोअरमध्ये तेल सोडलं आणि सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेला लाल फडक्याचा बोळा कोंबला. फडकं लालच घ्यावं, काढायचं विसरायला होत नाही. बुलेटलाही तसाच. एअर फिल्टरच्या तोंडावर कापड बांधलं, कारण उंदरांना फिल्टरचा डबा फार आवडतो. आत्याच्या शेडमध्ये घूस येते, पण मांजरही आहे. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून सीटखाली टांगल्या.

पेट्रोलवरून माझं आणि मिस्त्रीकाकांचं दरवर्षी वाजतं. काका म्हणतात टाकी काठोकाठ भरून ठेवा, हवेला जागा नाही तर दव कुठं धरणार. बाबांचंही तेच होतं आणि त्यांच्या काळात ते बरोबर होतं. पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि पाणी पुरेसं झालं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून फाटून टाकीच्या तळाशी बसतं, जिथून कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, पेट्रोल घेतो तिथंच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. म्हणून मी टाकी रिकामी करते. शेडच्या बाहेर, मोकळ्यावर, धातूच्या कॅनमध्ये, फडक्यातून गाळून. ते पेट्रोल दुसऱ्या दिवशी स्कूटरमध्ये जातं. मग टाकीत साधारण शंभर मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) टाकून, टाकी उचलून बाळाला आंदुळावं तशी चारी बाजूंना फिरवायची. आतल्या पत्र्याला सगळीकडे तेल लागलं पाहिजे, वरच्या बाजूलासुद्धा, कारण दव तिथं आधी धरतं. दसऱ्याला त्यात थोडं पेट्रोल घालून खळबळून काढते. काका यंदाही मान हलवून गेले, पण माझी टाकी तीन वर्षं आतून स्वच्छ आहे.

कार्ब्युरेटरमध्ये मात्र दोघांचं एकमत. नुसता कॉक बंद करून इंजिन मरेपर्यंत चालवलं तरी तळाच्या वाटीत थोडं पेट्रोल राहतं. ते सुकून चिकट पिवळा डिंक होतो आणि पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजतो. वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून शेवटचा थेंब काढावा लागतो.

शेजारचे एक आजोबा दर रविवारी त्यांची गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू करून ठेवतात, आणि मलाही तेच सांगतात. मी नाही करत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर इतका तापत नाही की ते सगळं बाहेर पडेल. ते आतच थंड होतं, सायलेन्सरमध्ये आणि तेलात. झोपलेल्याला झोपू द्यावं, नाहीतर नीट उठवून वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावं.

बॅटऱ्या काढून घरी आणल्या. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर मल्टिमीटरवर १२.६च्या आसपास दाखवते, १२.४वर आली की मी चार्जरला लावते. गॅलरीत, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. उतरलेली तशीच पडू दिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही.

धुणं दोन दिवस आधीच उरकलं होतं, म्हणजे सांधेकोपरे उन्हात सुकले. रिमना आणि स्पोकना जुन्या टूथब्रशनं ग्रीसचा पातळ हात दिला. या कामाला आत्याचा नातू बसला होता, त्यानं एकही स्पोक सोडला नाही. पुष्कळ ठिकाणी पावसाआधी डिझेल आणि जळकं तेल मिसळून गाडीवर फवारतात, त्यावर माझा आक्षेप आहे. डिझेलनं रबर फुगतं आणि जळक्या तेलातलं आम्ल परत गाडीवरच. चेन, केबल, स्टँडच्या पिना यांना ताजं तेल. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा, गाड्या मेन स्टँडवर, चाकांखाली फळ्या. इन्शुरन्स चालू ठेवलाय, शेडमधल्या गाडीलाही आग आणि चोरी चुकत नाही.

आणि पांघरूण. ताडपत्री आता शेडच्या छपरावर आहे, पत्र्याच्या भोकांवर, जिथं ती हवी. गाड्यांवर आत्याची जुनी सुती लुगडी. नऊवार असल्यामुळे बुलेट हेडलाइटपासून मागच्या मडगार्डपर्यंत झाकून वर पदर उरतो. धूळ बसत नाही, वारा आरपार जातो. दाराच्या खालच्या दोन फळ्यांमध्ये फट ठेवलीय आणि समोरच्या भिंतीत वर जाळी आहे. महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या रविवारी, दार सताड उघडून लुगडी ओटीवर वाळत टाकायची. हे काम आत्यानं स्वतःकडे घेतलंय.

बुलेट उठवताना दोन गोष्टी विसरून चालत नाही. तिचं तेल उभ्या उभ्या झिरपून क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तळाशी उतरतं, तसंच चालू केलं तर गल्लीभर पांढरा धूर. आधी खालचा बोल्ट काढून ते काढायचं. आणि क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतात, क्लच दाबून आठ-दहा किका मारल्या की सुटतात. दसऱ्याच्या गडबडीत, झेंडूची तोरणं हातात असताना, यातलं एक तरी राहतं. म्हणून चिठ्ठी.

काल दिवेलागणीला खोक्याचा तुकडा कापला, भोक पाडलं, सुतळी ओवली. दोन्ही गाड्यांच्या हँडलला एकेक. बुलेटवरची अशी:

'तेल ९ मे. कॉक बंद. टाकीत टूटी. वाटी रिकामी. सायलेन्सरमध्ये लाल बोळा. बॅटरी घरी. उठवताना आधी खालचं तेल काढ, मग क्लच सोडव. पिस्टन वर.'

आत्यानं दार ओढलं, किल्ली तुळशीमागच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, भाकरी टाकू का आता.