तुम्ही विचारलंत म्हणून: नोटीसचे नव्वद दिवस का भरलेस?

"अगं, सरळ निघून का नाही गेलीस? कोर्टात थोडीच खेचणार होते!" प्रत्येक लग्नात कोणीतरी हे विचारतंच, आणि विचारणारे बहुतेक सरकारी नोकरीतले नाहीतर स्वतःचा धंदा असलेले. म्हणून आयटी कंपनीत राजीनामा दिल्यावरचा नोटीस पिरियड मी का भरला, ते एकदाचं लिहून टाकते.

कायदा मलाही माहितीये हो. नको असलेली नोकरी करच असा हुकूम कोर्ट देत नाही. सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट पण 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण कोर्टापर्यंत जातंय कोण? अडतं ते रिलीव्हिंग लेटरवर, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळं केल्याच्या पत्रावर. तो एक पानी कागद नसला की पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन लटकतं, आणि आधी कुठे होतीस ते पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या नंबरवर, दिसतंच, लपवणार काय.

माझ्या हातात बाणेरच्या एका कंपनीची ऑफर होती. ते साठ दिवस थांबायला तयार, माझा नोटीस पिरियड नव्वद. म्हटलं उरलेल्या तीस दिवसांचे पैसे भरते, सोडा. एचआरची मुलगी, माझ्याहून लहानच, तिने माझं जुनं ऑफर लेटर उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करणं, त्यापुढे लिहिलेलं, मॅनेजमेंटच्या मर्जीनुसार. "मॅम, तुम्ही क्रिटिकल रिसोर्स आहात ना." आणि अप्रेझलला? पाचपैकी तीन, हाइक नावाला! मॅनेजरकडे गेले तर तो म्हणे क्लायंटला काय सांगू, आणि ज्याला केटी द्यायची, म्हणजे माझं काम समजावून द्यायचं, तो माणूस शेवटच्या आठवड्यापर्यंत उगवलाच नाही, तोवर मी काय करत होते तर टाइमशीट भरत होते. त्याच महिन्यात आमच्याच फ्लोअरवरच्या बेंचवरच्या, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्या, एकाला दुपारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप, आयडी कार्ड जमा. नोटीसचे पैसे दिले, पण नुसत्या बेसिकवर. क्लॉज तोच, दोन्ही बाजूंना सारखा म्हणे. बाणेरवाल्यांचं दोन ओळींचं मेल आलं, पोझिशन क्लोज झाली.

मग युनियन का नाही, हा पुढचा प्रश्न. पुण्यात आयटीवाल्यांच्या संघटना आहेत, नाइट्स आहे, फाइट आहे, तक्रारी करतात, माहितीये. पण तेव्हा 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता आणि त्यातल्या 'कामगार' व्याख्येत टीम लीड बसते का यावरच आधी वाद घालायचा. घराचा ईएमआय चालू असताना?

आणि खरं सांगू, 2022 मधली मी तुम्हाला हसले असते. इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन 28 टक्क्यांवर गेलेला, म्हणजे वर्षाला शंभरातले अठ्ठावीस सोडून जाणारे, रिक्रूटरचे फोन थांबत नव्हते, पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, की हेच लोक रिटेन्शन, म्हणजे थांबण्याचे जादा पैसे, घेऊन मागे. तेव्हाची मी म्हणायचे, युनियन कशाला, मार्केट आहे ना! तिला पूर्ण खोटं ठरवता येत नाही मला, सगळ्यात मोठी हाइक तिनेच मिळवली. फक्त तो जोर तिचा होता की मार्केटचा, यावर आमचं अजून जमत नाही.

सध्याच्या कंपनीतही नव्वदच आहेत. जॉइन होताना विचारलं, साठ होतील का? "स्टँडर्ड आहे मॅम." केली सही.